पियानोच्या नोट्स सुटसुटीत छापायच्यात, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

मागच्या अंकात पियानोच्या नोट्स कॉम्प्युटरवर लिहिण्याबद्दल ओझरतं काहीतरी लिहिलं आणि प्रश्नांची रांगच लागली. बरेचसे एकाच वळणाचे होते, म्हणून त्यातले निवडक इथे घेतलेत. काही ठिकाणी प्रश्न थोडे छाटलेत, राग नसावा.

प्रश्न: मी पियानो शिकवते. विद्यार्थ्यांसाठी सोप्या अरेंजमेंट्स आत्तापर्यंत हाताने लिहून झेरॉक्स द्यायचे, पण आता पोरं तोंडावर सांगतात की मॅडम तुमचं अक्षर लागत नाही. म्यूझस्कोअर, सिबेलियस, डोरिको, लिलीपॉंड अशी नावं ऐकलीत, प्रत्येक जण आपलंच भारी म्हणतो. मला ऑर्केस्ट्रा वगैरे काही लिहायचा नाहीये, फक्त पियानोचं पान नीट वाचता येईल असं छापून हवंय. नक्की काय घेऊ?

उत्तर: सरळ सांगते, म्यूझस्कोअर घ्या. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि पियानोच्या दोन स्टाफसाठी (स्टाफ म्हणजे नोटा लिहायच्या पाच रेषांचा संच) जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. चार-पाच वर्षांपूर्वी हेच उत्तर मी जरा चाचरत दिलं असतं कारण तेव्हा त्याची पानं बघितल्या बघितल्या ओळखू यायची, स्लर (नोटांवरून जाणाऱ्या कमानी) वेडेवाकडे, नोटांमधली जागा कुठे भसाभस कुठे दाटीवाटीने, पण २०२१ च्या ३.६ आवृत्तीत त्यांनी लेलँड नावाचा नवा फॉन्ट आणला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आवृत्ती ४ आली तेव्हा नोटांमधलं अंतर ठरवायची पद्धतच नव्याने लिहिली, त्यानंतर काही न करता नुसतं टाइप केलेलं पानसुद्धा बऱ्यापैकी दिसायला लागलं.

एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. म्यूझस्कोअर नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक लिहायचा प्रोग्राम, तो फुकट. दुसरी लोकांनी चढवलेल्या नोट्सची वेबसाइट, तिथून दुसऱ्यांच्या नोट्स उतरवायच्या तर बहुतेक वेळा वर्गणी मागतात. ते वर्गणीचं पान बघून "अरे हे तर पैसे मागतंय" म्हणत परत फिरणारे खूप भेटतात. आणि फोनवरचं त्याच नावाचं ॲप नोट्स बघायला आणि वाजवून ऐकायला आहे, लिहायला नाही, त्यामुळे लॅपटॉप लागेलच.

आता बाकीच्यांचं. सिबेलियस जुनं आणि मुरलेलं आहे, १९९३ पासून आहे, फिन आडनावाच्या दोघा भावांनी केलेलं, ज्यांना याचा रोज धंदा आहे त्यांचे हात त्यावर बसलेले असतात आणि त्यांनी ते सोडायचं काही कारण नाही. त्याची एक मोफत छोटी आवृत्ती आहे, पूर्ण हवी असेल तर मोठी वर्गणी. डोरिको २०१६ मध्ये आलं. सिबेलियसचं लंडनचं ऑफिस २०१२ मध्ये बंद झालं आणि तिथली बरीचशी टीम स्टाइनबर्ग कंपनीने उचलली, त्याच लोकांनी कोऱ्या पाटीवरून हे लिहिलं. खरं सांगायचं तर पियानोच्या बाबतीत विचार सगळ्यात स्वच्छ डोरिकोचा आहे. नोट निवडा, एम दाबा की ती खालच्या स्टाफवर जाते, एन दाबा की वरच्या, आणि रेस्ट (थांबायची खूण) तुम्ही टाकतच नाही, नोटांच्या मधे जी जागा उरेल तिथे ते स्वतःच बरोबर रेस्ट भरतं. पण सुरुवातीला डोकं खातं. सेटअप, राइट, एन्ग्रेव्ह असे वेगवेगळे मोड आहेत, आपण भलत्याच मोडमध्ये बसून "हे हलत का नाही" म्हणत राहतो. मोफत आवृत्ती आहे पण पानाची बारीक डागडुजी करायची पूर्ण सोय प्रो मध्येच. लिलीपॉंडचं खाली वेगळं लिहिलंय.

ब्राउझरमध्ये चालणारी पण आहेत, नोटफ्लाइट, फ्लॅट वगैरे. दहा-बारा बारचा (म्हणजे उभ्या रेषांमधल्या खणांचा) व्यायाम लिहून पोरांना लिंक पाठवायची असेल तर झकास. छापायचं पान करायचं तर लवकर तोकडी पडतात.

पण माझ्या सांगण्यावरून काहीच घेऊ नका. तुमच्या अरेंजमेंट्समधलं सगळ्यात छळणारं अर्धं पान काढा. त्यात एका हातात दोन आवाज असू देत, मधेच क्लेफ बदलू दे, एखादी ओळ डाव्या हातातून उजव्या हातात जाऊ दे, ट्रिपलेट असू दे, पेडल आणि फिंगरिंग पण. हे अर्धं पान दोन प्रोग्राम्समध्ये टाका, दोन्ही प्रिंट काढा, पियानोच्या स्टँडवर ठेवा आणि बसून वाजवा. स्क्रीनवर बघून ठरवू नका, स्क्रीनवर सगळं चांगलंच दिसतं. जिथे बोट अडखळलं तिथे तुम्ही चुकताय की पान चुकतंय हे दोन मिनिटांत कळतं. डेमो व्हिडिओमध्ये हे कधीच दिसत नाही कारण डेमोत एक सोपी मेलडी असते आणि खाली तीन कॉर्ड.

प्रश्न: म्यूझस्कोअरच वापरतो. नोटा बरोबर आहेत, वाजवलं तर बरोबर ऐकू येतं, पण पान बघितलं की डोळे गरगरतात. उजव्या हातात वर एक लांब नोट धरून खाली एट्थ नोट्स वाजवायच्यात, तिथे तर टायचं (सारख्या नोटा जोडणाऱ्या कमानींचं) जाळंच झालंय. सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर: नको, बदलू नका, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पण हेच जाळं होईल. तुम्ही सगळं एकाच व्हॉइसमध्ये लिहिलंय, व्हॉइस म्हणजे एकाच स्टाफवर स्वतंत्र चालणारा एक आवाज.

तुमचाच बार धरू. चार-चारचा बार आहे, वर जी ही हाफ नोट आणि मग ए ही हाफ नोट, खाली एट्थ नोट्स चालल्यात, ई सी ई सी, मग एफ सी एफ सी. एका व्हॉइसमध्ये एका क्षणाला एकच लांबी चालते. त्यामुळे जी लांब धरायचा तर प्रत्येक एट्थला जी परत लिहून मागच्याला टाय करावा लागतो, म्हणजे एका साध्या हाफ नोटचे चार तुकडे आणि तीन टाय, पुढच्या ए चं पण तेच, झाले सहा टाय एका बारमध्ये. कानाला फरक शून्य. डोळ्याला मात्र वरची चाल दिसतच नाही, नुसत्या कॉर्ड दिसतात.

करायचं असं: व्हॉइस १ मध्ये फक्त दोन हाफ नोट्स लिहा. मग त्याच बारच्या सुरुवातीला परत या, वर टूलबारवर व्हॉइस २ निवडा आणि आठ एट्थ नोट्स लिहा. प्रोग्राम आपोआप पहिल्या व्हॉइसचे स्टेम (नोटांच्या दांड्या) वर करतो आणि दुसऱ्याचे खाली. झालं, वरची ओळ गाणं आणि खालची साथ, वाजवणाऱ्याला एका नजरेत कळतं. आधीच लिहिलेल्या नोटा दुसऱ्या व्हॉइसमध्ये ढकलायच्या असतील तर त्या निवडून कंट्रोल, आल्ट आणि २. व्हॉइस २ मध्ये नको ते रेस्ट उरतात, ते निवडून डिलीट करता येतात, व्हॉइस १ चे नाही करता येत. सगळेच रेस्ट उडवू नका मात्र, खालचा आवाज बारच्या मधेच सुरू होत असेल तर तिथला रेस्ट वाचणाऱ्याला मोजायला लागतो.

आणि व्हॉइस संपला की संपवा. पुढच्या बारमध्ये नुसती कॉर्ड असेल तर ती परत एकाच व्हॉइसमध्ये, उगाच दोन दांड्या वर-खाली नकोत. चार व्हॉइस मिळतात म्हणून चारही वापरणारे लोक आहेत, त्यांची पानं मी बघितलीत, देव त्यांचं भलं करो.

सॉफ्टवेअर निवडताना पियानोवाल्यांनी बघायची पहिली गोष्ट हीच, एका हातात दोन आवाज किती सहज लिहिता येतात. आवाजाची क्वालिटी, व्हायोलिन खरं वाटतं का वगैरे गोष्टींवर लोक तासन्‌तास भांडतात, छापलेल्या पानातून आवाज येत नाही.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे आणि स्वतःचे छोटे पीसेस बनवते. माझ्याकडे मिडी कीबोर्ड आहे. डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) मध्ये रेकॉर्ड करून मिडी फाइल म्यूझस्कोअरमध्ये उघडली तर काहीच्या काही आलं, थर्टीसेकंड नोट्स, डॉटेड रेस्ट, सगळे जी फ्लॅट आणि माझा पीस तर डी मेजरमध्ये आहे! मिडी टू शीट म्युझिक चांगलं करणारं सॉफ्टवेअर कुठलं?

उत्तर: अगं, यात सॉफ्टवेअरचा दोष नाहीये, मिडीमध्ये ती माहितीच नसते. मिडी १९८३ चं आहे आणि ते बनवलं वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून, कागदावर छापायला नाही. त्यात काय असतं तर कुठली की दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली. मिडल सी म्हणजे ६०, त्याच्या वरची सहावी की म्हणजे ६६. ती ६६ एफ शार्प आहे का जी फ्लॅट हे मिडीला ठाऊकच नाही, पियानोवर दोन्ही एकच की. फाइलमध्ये की सिग्नेचर लिहिलेली नसेल तर प्रोग्राम अंदाज बांधतो, आणि तो अंदाज तुझ्या डी मेजरच्या पीसमध्ये जी फ्लॅट असा निघतो. कुठला हात, कुठला व्हॉइस, हे पण त्यात नाही.

थर्टीसेकंडचं कारण तुझा हात आहे, आणि ते चांगलंच आहे. माणूस घड्याळासारखा वाजवत नाही, नोट किंचित उशिरा लागते, किंचित आधी सुटते, तेच तर म्युझिक. प्रोग्राम मात्र ते सगळं प्रामाणिकपणे मोजतो आणि कागदावर मांडतो. त्याला सांगावं लागतं की एट्थच्या खाली बघू नकोस. म्हणून आधी डीएडब्ल्यू मध्येच क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवलेलं घे, क्लिकशिवाय वाजवलेलं असेल तर बारच्या रेषा कुठेही पडतील आणि मग काहीही केलंस तरी सुधारणार नाही. मग त्या रेकॉर्डिंगची एक कॉपी काढ, मूळ हलवू नको, कॉपीला क्वांटाइज कर, म्हणजे नोटा नेमक्या ठोक्यावर आण, नोटांची लांबी पण, नुसती सुरुवात नाही. की सिग्नेचर घाल. डावा-उजवा हात वेगळ्या ट्रॅकवर असतील तर फारच उत्तम, नाहीतर प्रोग्राम मिडल सीच्या आसपास तोडतो आणि तुझा डावा अंगठा वरच्या स्टाफवर जाऊन बसतो. एवढं करून उघडलंस तर निम्मं काम होईल. म्यूझस्कोअरमध्ये शार्प-फ्लॅट उलटे आले असतील ती नोट निवडून जे दाबलं की दुसरं नाव लागतं.

पण तुझ्या वयात मी म्हणेन हे सगळं सोडच. मिडी कीबोर्ड लावून स्टेप टाइम शिक. म्यूझस्कोअरमध्ये एन दाबून लिहायचा मोड चालू कर, डाव्या हाताने लॅपटॉपवर लांबी निवड, ५ म्हणजे क्वार्टर, ४ म्हणजे एट्थ, ६ म्हणजे हाफ, आणि उजव्या हाताने कीबोर्डवर नोट किंवा अख्खी कॉर्ड दाब. ताल धरायचाच नाही, निवांत एकेक. पहिल्या दिवशी कंटाळा येतो, नंतर हात इतका चालतो की मिडी साफ करायला जेवढा वेळ जातो त्याच्या आधी पान लिहून होतं. शिवाय प्रत्येक नोट कुठल्या हाताची, किती लांब हे तुलाच ठरवायला लागतं. पुढे कधी डोरिकोवर गेलीस तर तिथे क्वार्टरला ६ आहे आणि सिबेलियसच्या कीपॅडवर ४, तेवढं लक्षात ठेव, हाताची सवय लवकर जात नाही.

प्रश्न: माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या फिनालेच्या फाइल्स आहेत, शेकड्याने. फिनाले बंद झालं म्हणे. आता काय करायचं?

उत्तर: हो, झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला ते बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीने जाहीर केलं की पुढे काम करणार नाही. १९८८ पासूनचं सॉफ्टवेअर, छापील नोट्सच्या धंद्यात एक काळ त्याचाच होता, वाईट वाटलंच. ज्यांच्याकडे चालू कॉपी आहे त्यांची ती उद्या सकाळी बंद पडणार नाही, पण कॉम्प्युटर बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम पुढे गेली की कधीतरी उघडायची थांबेल, आणि तेव्हा फाइल्स आहेत पण उघडणारं कोणी नाही अशी गत होईल.

म्हणून फिनाले चालू आहे तोपर्यंत सगळ्या फाइल्सची म्यूझिकएक्सएमएल करून ठेवा. एकेक करायची गरज नाही, एक्सपोर्टमध्ये अख्खा फोल्डर एकदम बदलायची सोय आहे. म्यूझिकएक्सएमएल हा नोटेशन प्रोग्राम्समधला देवाणघेवाणीचा फॉरमॅट, २००४ मध्ये पहिली आवृत्ती आली, आज म्यूझस्कोअर, डोरिको, सिबेलियस तिन्ही तो वाचतात. सोबत प्रत्येक फाइलची पीडीएफ पण काढा, कारण एक्सएमएलमधून नोटा, व्हॉइस, स्लर, फिंगरिंग हे बहुतेक नीट येतं पण पानाची मांडणी येईलच असं नाही, तुम्ही हाताने सरकवलेल्या गोष्टी परत मूळ जागी जाऊन बसतात. पीडीएफ शेजारी असली की मूळ कसं होतं ते बघून दुरुस्त करता येतं. मग त्यातली जी खरंच लागतात तेवढीच नव्या प्रोग्राममध्ये उघडा, शेकडो फाइल्स एका दमात सुधारायला बसलात तर दहाव्या फाइलला हात टेकाल. मेकम्युझिकने फिनालेवाल्यांना डोरिकोकडे जायला सांगितलं होतं आणि त्यासाठी सवलतही होती, व्यावसायिक काम करत असाल तर विचार करा, घरच्यापुरतं असेल तर म्यूझस्कोअर पुरे.

प्रश्न: सॉफ्टवेअर ठीक आहे, पण वाचायला सोपं पान म्हणजे नक्की काय? काही माप, नियम आहेत का? का नुसता डोळ्याचा अंदाज?

उत्तर: माप आहेत, आणि ती छापखान्यातल्या लोकांनी फार पूर्वी ठरवलीत.

पहिलं, स्टाफची उंची. पाच रेषांमधली वरच्यापासून खालच्यापर्यंत साधारण ७ मिलिमीटर, पियानोसाठी हे प्रमाण मानतात. म्यूझस्कोअरमध्ये ते आपोआपच असतं, पेज सेटिंग्जमध्ये स्टाफ स्पेस १.७५ मिमी दिसेल, चार जागा म्हणजे ७. अगदी लहान मुलांसाठी ८-९ पर्यंत वाढवा. कमी करायची वेळ येते ती एक पान वाचवायच्या मोहात, सगळं एका कागदावर बसवायचं म्हणून लोक ५.५ वर आणतात आणि मग विद्यार्थी पुढे वाकून वाजवतो. पियानोवाला कागदापासून हातभर लांब बसतो आणि कागद त्याला हातात धरून डोळ्याजवळ आणता येत नाही. ए४ वर दोन स्टाफच्या पाच, फार तर सहा ओळी. सात बसवल्या तर लेजर लाइन्स (स्टाफबाहेरच्या नोटांसाठीच्या छोट्या रेषा) एकमेकांत घुसायला लागतात.

दुसरं, ओळीत किती बार. ठरावीक आकडा नाही, पण प्रोग्राम जसं तोडेल तसं ठेवू नका. फ्रेज चार बारची असेल तर ओळ चार बारवर तोडा, नजर ओळीच्या सुरुवातीला आली की हातालाही नवीन वाक्य मिळतं. म्यूझस्कोअरमध्ये बार निवडून एंटर दाबला की ओळ तुटते, कंट्रोल एंटरने पान. पण सिक्स्टींथ नोट्सनी खच्चून भरलेला बार आणि एका होल नोटचा बार यांना सारखी जागा द्यायचा हट्ट नको, अवघड बार असेल तिथे ओळीत दोनच ठेवा.

नोटांमधली जागा प्रोग्रामवर सोडा. हाफ नोट क्वार्टरच्या दुप्पट वाजते म्हणून तिला जागा दुप्पट देत नाहीत, दीडपटीच्या आसपास देतात, नाहीतर लांब नोटांच्या ओळी भकास दिसतात. हे गणित आताचे सगळे प्रोग्राम बरे करतात, आपण मधे हात घातला की बिघडतं.

तिसरं, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलते, दोन स्टाफच्या मधली जागा. पियानोत डायनॅमिक्स तिथे लिहितात, पी, एफ, क्रेसेंडोच्या कात्र्या, सगळं मधे, कारण ते दोन्ही हातांसाठी असतं. पेडल मात्र सगळ्यात खाली, डाव्या हाताच्या स्टाफच्याही खाली. प्रत्येक स्टाफखाली वेगवेगळं पी लिहिलेली पानं येतात, ती बहुधा बासरी-व्हायोलिन लिहिणाऱ्यांची असतात. मधली जागा इतकी हवी की तिथे डायनॅमिक्स बसून वर-खाली लेजर लाइन्सना धक्का लागणार नाही, पण इतकी नको की दोन स्टाफ दोन वेगळ्या वाद्यांचे वाटतील. ओळ आणि पुढची ओळ यांच्यातलं अंतर कायम या मधल्या जागेपेक्षा जास्त असलं पाहिजे, हे उलटं झालं की डोळा उजव्या हाताला मागच्या ओळीच्या डाव्या हाताशी जोडतो. डायनॅमिक्स एका उंचीवर सरळ रेषेत ठेवा, एक वर एक खाली असं नाचवू नका.

फिंगरिंग कमी लिहा. प्रत्येक नोटेवर आकडा असला की मूल नोट वाचणं सोडून आकडे वाचतं. हात जिथे सरकतो, अंगठा जिथे खालून जातो तेवढंच. उजव्या हाताचे आकडे वर, डाव्याचे खाली.

खूप वर जाणाऱ्या नोटांना ८व्हीएची (एक ऑक्टेव्ह वर वाजवा असं सांगणारी) रेषा लावायची की लेजर लाइन्स ठेवायच्या यावर मतं वेगळी आहेत, मी तीन-चार लेजरपर्यंत रेषा लावत नाही, कारण पियानोवाल्याच्या डोळ्याला आकार ओळखीचा असतो आणि ८व्हीए कुठे संपलं हे बघताना उलट चूक होते.

आणि पान उलटणं. वाजवताना हात रिकामा कधी असतो ते बघून पान तिथे तोडा. दोन पानांचा पीस असेल तर तो समोरासमोरच्या पानांवर यायला हवा, म्हणजे पुस्तकात २ आणि ३ वर, १ आणि २ वर नाही.

प्रश्न: डाव्या हातातून सुरू होऊन उजव्या हातात जाणारी आर्पेजिओ (कॉर्डच्या नोटा एकामागून एक) एकाच बीमखाली, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या एकाच जाड रेषेखाली कशी लिहायची? मी खालच्या स्टाफवर अर्धी आणि वरच्यावर अर्धी लिहिली तर बीम तुटतो आणि रेस्टच रेस्ट येतात.

उत्तर: अर्धी-अर्धी लिहायचीच नाही. सगळी एकाच स्टाफवर लिहा, समजा खालच्या, पहिल्या नोटेपासून शेवटपर्यंत, भले सहा लेजर लाइन्स आल्या तरी. मग ज्या नोटा उजव्या हाताच्या आहेत तेवढ्या निवडा आणि म्यूझस्कोअरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, वरचा बाण. त्या दिसायला वरच्या स्टाफवर जातात पण हिशेबात खालच्याच राहतात, म्हणून बीम एकच राहतो आणि दोन्ही स्टाफच्या मधून जातो. स्टेमची दिशा पटली नाही तर एक्स दाबून उलटवा. बीमचा कोन शेवटी हाताने थोडा ओढावा लागतो, म्यूझस्कोअरची ही बाजू अजून थोडी कच्चीच आहे, डोरिको इथे सरळ पुढे आहे. वरच्या स्टाफवर त्या वेळी जो अख्ख्या बारचा रेस्ट उरतो तो व्ही दाबून लपवा. लपवा, डिलीट करायला जाऊ नका, व्हॉइस १ चा तो जाणार नाही.

प्रश्न: प्रोग्रामिंगची सवय आहे. लिलीपॉंड वापरावं का? ते सगळ्यात सुंदर छापतं असं म्हणतात.

उत्तर: सुंदर छापतं हे खरंच आहे. १९९६ मध्ये दोघा डच मित्रांनी सुरू केलं, आणि त्यांची जिद्दच ही होती की हाताने प्लेटवर कोरलेल्या जुन्या छापील नोट्ससारखं पान कॉम्प्युटरने काढावं, नंतर हाताने काही न सरकवता. त्यात माऊसने नोटा टाकायच्या नसतात, सगळं टेक्स्टमध्ये टाइप करायचं, सी आणि पुढे ४ म्हणजे सी ची क्वार्टर नोट, मग कंपाइल करायचं आणि पीडीएफ बघायची. फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर सोबत घ्या, एका बाजूला टेक्स्ट आणि दुसऱ्या बाजूला पान दिसतं, नोटेवर क्लिक केलं की टेक्स्टमधली ती जागा सापडते.

तुम्हाला कोडची सवय आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. दहा वर्षांनी पण फाइल साधं टेक्स्टच राहते, दोन आवृत्त्यांमधला फरक बघता येतो, एकाच साच्यात शंभर व्यायाम काढायचे असतील तर यासारखं दुसरं नाही. पण पियानोवर बसून, ऐकत, बदलत कंपोझ करायचं असेल तर नको. डोक्यातली चाल टेक्स्टमध्ये उतरवेपर्यंत पळून जाते. आणि जिथे ते तुमचं ऐकत नाही, एखादा स्लर नको तिथून जातोय, तिथे मॅन्युअल उघडून बसायची तयारी ठेवा, ते मॅन्युअल चांगलं आहे पण छोटं नाही.

प्रश्न: जुन्या छापील पानाचा फोटो काढून त्याची एडिट करता येणारी फाइल होते का?

उत्तर: होते, पण पूर्ण विश्वास टाकू नका. ऑडिव्हेरिस मोफत आहे, पैसे देऊन फोटोस्कोअर, स्मार्टस्कोअर आहेत, फोनवर प्लेस्कोअर. फोटोपेक्षा सपाट स्कॅन, ३०० डीपीआय, कागद सरळ. एका ओळीची मेलडी छान वाचतात. पियानोचं दोन आवाजांचं पान दिलं की टाय आणि स्लर यात घोळ, ट्रिपलेटचा ३ म्हणजे फिंगरिंग समजतात, स्टॅकॅटोचा टिंब डॉट म्हणून लांबीला जोडतात. एक पानी पीस असेल तर हाताने टाइप करणं बहुतेक वेळा लवकर होतं. मोठा असेल तर स्कॅन करा आणि मग एकेक बार मोजून बघा, ज्या बारमध्ये बीट्स जास्त किंवा कमी भरतायत तिथून सुरुवात करा.

प्रश्न: विद्यार्थी आता टॅबलेटवरूनच वाजवतात. त्यांच्यासाठी वेगळं काही करायला लागतं का?

उत्तर: मोठ्या, १२.९ इंची टॅबलेटवर ए४ ची पीडीएफ जवळपास मूळ आकारात दिसते, तिथे फक्त मार्जिन कमी करा कारण स्क्रीनला कागदासारखी कड नको असते. दहा-अकरा इंची असेल तर तेच पान बरंच आकसतं आणि ७ मिमीचा स्टाफ ५ च्या आसपास येतो. अशांसाठी त्याच फाइलची कॉपी काढा, पेज सेटिंग्जमध्ये पानाचा आकारच स्क्रीनएवढा द्या, स्टाफ ७ वरच ठेवा, ओळी पुन्हा तोडा आणि वेगळी पीडीएफ द्या. पानं वाढतील, वाढू देत, टॅबलेटवर पान बोटाने किंवा ब्लूटूथ पेडलने उलटतं. समोरासमोर दोन पानांचा हिशेब इथे लागत नाही, एका वेळी एकच पान दिसतं, त्यामुळे प्रत्येक पानाच्या शेवटी हात सुटतोय का ते बघायला लागतं. आयपॅडवर फोरस्कोर आणि अँड्रॉइडवर मोबाइलशीट्स ही ॲप्स पीडीएफ वाचायला चांगली, त्यात अर्धं पान आधी उलटायची सोय आहे, म्हणजे वरचा अर्धा भाग पुढच्या पानाचा आणि खाली चालू पानाचा शेवट, जिथे हात रिकामाच होत नाही अशा पीसला ती चालू करून द्या.